हातानं सांगा

आमच्या घरात तंबाखू नाही, दारू नाही आणि जुगार तर नाहीच नाही, असं मी विहारात चारचौघांत छाती काढून सांगत आलो. आणि माझी एकुलती एक पोरगी, पायल, धरमपेठेत हॉटेल मॅनेजमेंट शिकली ती काय, तर समुद्रातल्या जहाजावरच्या कॅसिनोत लोकांना पत्ते वाटायची नोकरी करणार म्हणे. त्यासाठी आधी परीक्षा होती, रविवारी सकाळी दहाला, मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर. दोन जणांना बसवून त्यांना ब्लॅकजॅक नावाचा पत्त्यांचा डाव वाटून दाखवायचा.

मी तोंडाला कुलूप लावलं. होकार नाही, नकारही नाही. आठ दिवस आम्हा बापलेकीचं बोलणं म्हणजे वरण वाढ आणि पंखा बंद कर, एवढंच.

तिनं सरावाला माझ्या आईला धरलं. आई म्हणजे अंजनाबाई, मेंढीकोटातली पट्टीची खेळाडू, पण दमडी न लावता. मी पेपर वाचायचं सोंग घेऊन सगळं ऐकत होतो.

"एकवीसच्या जवळ जायचं, आजी. वर गेली का मेली. राजा, राणी, गुलाम, सगळ्यायचे दहा."

"गुलामाचे बी दहा आन् राजाचे बी दहाच?"

"हो."

"मंग खेळ चांगला आहे," आई म्हणाली.

एक्का एकचा किंवा अकराचा, जसा सोयीचा पडेल तसा. वाटणाऱ्याला मात्र मर्जीच नाही. सोळापर्यंत पत्ता घ्यायचाच, सतरा झाले की थांबायचंच. हे ऐकून मला उगाच बरं वाटलं.

घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. पत्ता हवा असेल तर बोलून चालत नाही, टेबलावर बोट आपटायचं. नको असेल तर हात आडवा फिरवायचा. कॅसिनोत टेबलाच्या वर कॅमेरा असतो, त्याला हातच दिसतो. आईला हे काही केल्या पटेना. मेंढीकोटात जोडीदाराला हातानं खूण करणं म्हणजे शुद्ध चोरी. एकदा तिनं याच कारणावरून व्याह्यांच्या घरी डाव उधळला होता.

"साठ वर्षं मी कोणाले इशारा केला नाई," ती म्हणाली. "आता काहून करू वं?"

रविवारी दुसरी खेळाडू म्हणून शेजारची नंदिनी यायची होती. तिची सासू पडली आणि ती पहाटेच सावनेरला निघून गेली. पावणेदहा वाजले. पायलनं माझ्याकडे एकदा पाहिलं, पण विचारलं नाही. ते न विचारणंच मला लागलं. मी पेपर ठेवला आणि खुर्चीवर जाऊन बसलो.

"फक्त बसतो," मी म्हणालो.

पोह्यांच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलमध्ये परीक्षा घेणारी बाई दिसू लागली. पायलनं पत्ते उघडे मांडले. आईचे बारा झाले, माझे चौदा. पायलसमोर एक नव्वी उघडी, दुसरा पत्ता पालथा. पहिली पाळी आईची.

"दे," आई म्हणाली. दोन्ही हात पदराखाली.

"मॅडम, हातानं सांगा," पायल आजीला म्हणाली.

"तोंडानं सांगून राहिली ना मी."

"मॅडम, हातानं."

मोबाइलमधली बाई काहीतरी लिहू लागली. पायलचे कान लाल झाले. ते लाल झाले की मागून रडणं येतं, हे मला तिच्या बालवाडीपासून माहीत आहे. आजीच होती, देऊन टाकला असता पत्ता तरी काय मोठं बिघडलं असतं? पण पोरगी हलली नाही. मला तिचा अभिमान वाटला आणि आईचा राग आला.

मी वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात सव्वीस वर्षं ट्रक सोडतो आहे. इंजिनाच्या आवाजात ड्रायव्हरला शब्द ऐकू जात नाही. गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या की तो निघतो.

"आई," मी म्हणालो, "मी पत्र्यावर थाप मारून गाडी सोडतो, तसंच हे. चोरी लपून होते. तू तं सगळ्यायसमोर करून राहिली."

आईनं जरा विचार केला. मग पदरातून हात काढून टेबलावर बोट आपटलं. अठ्ठी आली, वीस झाले. तिनं माश्या हाकलाव्या तसा हात फिरवला. माझ्या पाळीला माझं बोट आपोआपच आपटलं. राणी आली, चोवीस. पायलनं माझे पत्ते मुकाट्यानं उचलले. तिचा पालथा पत्ता सत्ती निघाला. सोळा झाले, म्हणजे घेणं भाग. तिनं घेतला, राजा आला आणि ती सव्वीसवर गेली.

"जिंकली मी," आई म्हणाली.

बाई पहिल्यांदा हसल्या. खुणेशिवाय पत्ता दिला नाही, तेच पाहायचं होतं, म्हणाल्या. एक तारखेपासून गोव्यात ट्रेनिंग. मोबाइल बंद झाला.

पायल पत्ते गोळा करत राहिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, जाऊ?"

खरं सांगतो, जुगाराचं मी नुसतं निमित्त केलं होतं. भीती वाटत होती ती संध्याकाळी घरी आल्यावर दाराशी तिची चप्पल दिसणार नाही याची.

मी टेबलावर थाप मारली. मग आणखी एक.

पायलचे डोळे भरून आले. "बाबा, एकदाच आपटायचं असते," ती म्हणाली.

"त्याले माहीत आहे," आई म्हणाली. "त्यानं गाडी सोडली."