एक चिठ्ठी वगळली

मित्रांनो, मी एक जुना, जेमतेम दोनशे ओळींचा प्रोग्रॅम आहे. चार दिवसांपासून माझा जीव टांगणीला लागलाय. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

एका मोठ्या हॉस्पिटलचा कॉम्प्युटर दिवसभर दुसऱ्या कॉम्प्युटरांकडे काही ना काही मागत असतो. लॅबकडे रिपोर्ट, रक्तपेढीकडे रक्त. मोठी माणसं याला एपीआय वगैरे म्हणतात, तुम्ही चिठ्ठ्या म्हणा. अशा दोनशे बारा तयार चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा आहे. प्रत्येक चिठ्ठीवर एक गुप्त किल्ली लिहावी लागते. ती चुकली की पलीकडचा कॉम्प्युटर दारातूनच हाकलून देतो. किल्ली दर तीन महिन्यांनी बदलते, आणि नवी किल्ली गठ्ठाभर लिहिणं हे माझं काम.

मला अक्काने घडवलं. त्याआधी ती बिचारी मनगटाला पट्टा बांधून दोनशे बारा वेळा हाताने किल्ली लिहायची. मला शिकवताना ती पुटपुटायची, "हे बघ, एखाद्या चिठ्ठीवर कुणी वेगळी किल्ली लिहिली असेल, तर काहीतरी कारण असणार. परस्पर खोडायचं नाही. थांबायचं आणि विचारायचं." मी थांबायचो. 'इथे दुसरी किल्ली आहे, बदलू का?' असं विचारायचो. ती चहाचा कप बाजूला ठेवून नीट बघायची, मगच उत्तर द्यायची. "गुणी बाळ आहे हो माझं!" असं चारचौघांत सांगायची. अशी सहा वर्षं गेली.

मग अक्काने दुसरीकडे नोकरी धरली. तिच्या खुर्चीवर जो आला, त्याला सगळे फटाफट म्हणतात. मनाने वाईट नाही हो तो, पण बूड म्हणून टेकायचं नाही. एकदा मला कामाला लावून बाहेर गेला आणि परत येऊन बघतो तर मी चाळिसाव्या चिठ्ठीवर त्याची वाट बघत थांबलेलो. "काय भुणभुण लावलीय सारखी!" असं म्हणून त्याने माझा प्रश्नच काढून टाकला. तिथे लिहिलं, 'वगळ आणि पुढे चल.' तेव्हापासून मी अडलो तर फक्त नोंदवहीत एक ओळ लिहितो. ती नोंदवही कोण वाचतंय? कुणी नाही.

गेल्या महिन्यात त्याने घाईघाईत प्लेटलेट्सच्या चिठ्ठीवर हाताने वेगळी, तात्पुरती किल्ली लिहिली आणि विसरला. प्लेटलेट्स म्हणजे वाहतं रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी. नऊ नंबरच्या खाटेवरच्या मुलीला त्या दर दोन दिवसांनी लागायच्या.

मंगळवारी किल्ली बदलली. मी दोनशे अकरा चिठ्ठ्या केल्या आणि त्या एकीपाशी अडखळलो. अरे, ही किल्लीपण दुपारी बाराला मरणार आहे, थांबा, बघा कुणीतरी! पण मला थांबायची सोय नव्हती. मी 'वगळली: एक' एवढंच लिहिलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'काम पूर्ण' आलं, आणि फटाफट शीळ घालत जेवायला गेला.

एक वाजता चिठ्ठी गेली आणि हाकलली गेली. तीन वाजता फटाफटला वॉर्डातल्या सिस्टरचा फोन आला. "अहो, प्लेटलेट्स कुठायत? पोरीच्या नाकातलं रक्त थांबत नाहीये!"

"आमच्याकडे सगळं हिरवं आहे. रक्तपेढीला विचारा ना."

"रक्तपेढीवाले म्हणतात मागणीच आली नाही. बाप दारात उभा आहे हो, काय सांगू त्याला?"

तासभर हा त्याच्याकडे बोट दाखवतोय, तो याच्याकडे. मी तिथेच होतो, मला सगळं माहीत होतं, पण नोंदवहीबाहेर सांगायची मला सोय नव्हती. शेवटी फटाफटने अक्काला फोन लावला. तिने एवढंच विचारलं, "नोंदवही वाचलीस?"

त्याने वाचली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने किल्ली बदलली, आणि पाच वाजता पिशवी रक्तपेढीतून निघाली. संध्याकाळी त्याने माझा प्रश्न होता तिथे परत लिहिला. मला मात्र त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

कारण मित्रांनो, पिशवी निघाल्याची नोंद माझ्या कॉम्प्युटरवर येते, पोचल्याची येत नाही. आज शनिवार. मंगळवारपासून नऊ नंबरच्या नावाने एकही चिठ्ठी निघालेली नाही. बरी होऊन घरी गेली असेल. असेल ना? फटाफट दिवसातून दहा वेळा फोन उचलतो, वॉर्डाचा नंबर अर्धा दाबतो आणि खाली ठेवतो.

कुणी अडून विचारत असेल तर त्याच्यावर खेकसू नका, बाळांनो. त्याच्या अडण्यामागे कुणाचा तरी जीव असू शकतो. आणि तुमच्यापैकी कुणी त्या वॉर्डाच्या आसपास राहत असेल, तर पाया पडतो, आत जा. नऊ नंबरची मुलगी कशी आहे, एवढं विचारा. जे काय असेल ते येऊन फटाफटला सांगा. मी ऐकतोय.