चेअरमनचा घास

त्या उन्हाळ्यात बद्रीनाथ चेअरमनला सगळ्या जगाचा हेवा वाटत होता. छावणीतल्या बैलांचा वाटत होता, कारण त्यांना उसाचं वाढं कचाकचा चावता येत होतं. रस्त्याच्या कडेला केळीच्या साली चघळणाऱ्या शेळीचासुद्धा वाटत होता. पण सगळ्यात जास्त, अगदी छातीत जळजळ होईपर्यंत, वाटत होता तो बंकटचा. बंकट म्हणजे त्याचा सख्खा चुलतभाऊ आणि गावच्या दूध संस्थेचा व्हाइस चेअरमन. अंगाने नुसती काडी, पण जेवायला बसला की वाढणारीचे हात दुखायचे.

झालं होतं असं, की बद्रीनाथने शहरात जाऊन वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं होतं. पोटाची बरीचशी पिशवी डॉक्टरांनी कापून टाकली आणि मागे केळाएवढी नळी तेवढी ठेवली. कारणं खोटी नव्हती. शुगर वाढलेली, गुडघे गेलेले, जीपमध्ये चढायला मागून एकाने लोटावं लागायचं. त्यात छावणीच्या उद्घाटनाला पाहुण्यांच्या शेजारी बसताना खालची खुर्ची मोडली, आणि ते दृश्य अख्ख्या गेवराई तालुक्याने मोबाइलवर पुन्हा पुन्हा लावून बघितलं. तेव्हा तो हट्टाला पेटला.

पण हे गावात सांगायचं कोणत्या तोंडाने? पावसाने दोन वर्षं तोंड काळं केलेलं. उमापूरच्या रस्त्याला लागून माळावर दूध संस्थेची चारा छावणी पडलेली, गावातली निम्मी घरं जनावरांबरोबर तिथंच मुक्कामाला आलेली. टँकर आला की भांड्याला भांडं लागायचं. अशात गावचा चेअरमन खाणं कमी व्हावं म्हणून पोट कापून आला, हे कळलं असतं तर लोकांनी जोड्याने नाही, पण हसून हसून मारलं असतं. म्हणून त्याने हर्नियाचं ऑपरेशन झालं असं सांगितलं, आणि बायकोकडून, केसरबाईकडून, तसं बोलण्याची शपथ घेतली.

आता या छावणीत एक रीत होती. ती बद्रीनाथच्या वडिलांनी, सुंदररावांनी, पाडलेली. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर सुंदरराव मुकादम होते. दुपारी लोकांनी फडकी सोडली की ते प्रत्येकापाशी जायचे, भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकायचे आणि पुढे सरकायचे. जात बघायचे नाहीत, घर बघायचे नाहीत. पुढे दूध संस्था निघाली, ते चेअरमन झाले, दुष्काळ पडला की छावण्या उघडायला लागल्या, आणि त्या तुकड्याला चेअरमनचा घास असं नाव पडलं. दिवस मावळताना माळावर चुली पेटल्या की चेअरमन फेरी मारणार आणि प्रत्येक चुलीवरचा घास खाणार. ज्या चुलीवर तो थांबला नाही, ते घर चेअरमनच्या मनातून उतरलं असं लोक धरायचे.

बद्रीनाथने बापाची गादी चालवली ती याच घासावर. बोलण्यात तो बेताचाच होता. पण खाण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. "आणा मावशी, अजून टाका ठेचा," म्हणत तो चुलीपाशी बसला की बायकांना धन्य वाटायचं. गाव त्याला नाना म्हणायचं. नाना आपल्या हातचं पोटभर खातो, म्हणजे नाना आपला. निवडणुकीत तो कधी पडला नाही.

ऑपरेशननंतर पहिल्यांदा तो छावणीत आला, तेव्हा प्रत्येक चुलीपुढे नुसते हात जोडत गेला. "डाक्टरनं तिखट बंद केलंय," म्हणाला. कौशल्याबाईने भाकरी पुढे केली होती, ती तशीच टोपल्यात ठेवली आणि पदराने हात पुसत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या नाना. गरिबाची भाकर लागत नसंल आता."

तो घाबरला. निवडणूक पुढच्याच महिन्यात होती. आणि घाबरलेला माणूस करतो तसला शहाणपणा त्याने केला. दुसऱ्या दिवशी बंकटला बोलावून सांगितलं, "माझ्या बदली तू फिर. घास चुकता कामा न्हाई."

बंकटला काय, आंधळ्याला डोळे मिळाल्यासारखं झालं. तो फिरायला लागला. चुलीमागून चूल, भाकरीमागून भाकरी. पिठलं बोटाने चाटून पुसून खायचा, ढेकर द्यायचा, आणि ती ढेकर पार ऑफिसच्या पत्र्यापर्यंत ऐकू यायची. तिथं बद्रीनाथ स्टीलच्या पेल्यातून पावडरचं पांढरं पाणी चमच्या-चमच्याने पीत बसलेला असायचा. भाकरी भाजल्याचा वास वाऱ्यावर यायचा. करपलेल्या पापुद्र्याचा वास वेगळा, ताज्या ठेच्याचा वेगळा, त्याला दोन्ही ओळखू यायचे. मग त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते भुकेचं की रागाचं हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

आहार सांगणाऱ्या मॅडमना त्याने फोन केला. त्या म्हणाल्या, "काका, ही पोटाची भूक नाही. ही डोक्यातली भूक आहे."

"मग डोस्कं कापायचं हुतं की," बद्रीनाथ म्हणाला. "पोट कावून कापलं?"

मॅडम हसल्या, आणि त्यांनी बजावलं की भाकरी अजून महिनाभर नाही. आतले टाके ओले आहेत, घास अडकला किंवा टाका उसवला तर जिवावर बेतेल. जेवताना पाणीसुद्धा प्यायचं नाही, पाण्यानेच पोट भरतं.

रात्रंदिवस त्याच्या मनात एकच किडा वळवळायचा. आपण हे काय करून बसलो? चांगलं चालतं पोट, बापाने दिलेलं, पैसे मोजून कापून टाकलं. ज्या पोटाने चेअरमन केलं तेच टाकलं. वजन उतरत होतं, पॅन्ट खाली घसरत होती, पण आरशात दिसणारा तो पडक्या गालांचा माणूस त्याला बद्रीनाथ वाटत नव्हता. एकदा घरात कोणी नाही बघून त्याने भाकरीचा तुकडा तोंडात घेतला, खूप वेळ चावला, आणि न गिळता मोरीत थुंकला. वळून बघतो तर दारात केसरबाई.

"गिळलं तर न्हाई ना?" तिने विचारलं.

"न्हाई."

तिने मोरीत तांब्याभर पाणी ओतलं. त्या दिवसापासून तिने भाकरीचं टोपलं उंच फळीवर ठेवायला सुरुवात केली, आणि चेअरमनला लहान पोरागत वाटायला लागलं.

पुढे छावणीत बोलणं सुरू झालं. नाना लई बदलला. आजारी हाय म्हनं. आपल्यात बसत न्हाई, खात न्हाई. बंकट कसा, आपल्यातला हाय. एका संध्याकाळी ऑफिसच्या मागे दावणीला चारा टाकताना छावणीतला सुग्रीव दुसऱ्या एकाला म्हणाला, "या येळंला बंकटलाच चेरमन करू बे. खानारं मानूस हाय." पत्र्याच्या अलीकडे बद्रीनाथने ते ऐकलं. हातातला पेला त्याने खाली ठेवला. त्याच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की टाके, डॉक्टर, मॅडम सगळं डोक्यातून गेलं. आज घास खायचाच, त्याने ठरवलं. बंकटच्या देखत, सगळ्यांच्या देखत. मेलो तर चेअरमन म्हणून मरू.

तो फेरीत बंकटच्या मागून चालायला लागला. लोकांना नवल वाटलं. "नाना आलं, नाना आलं," म्हणत बायका सावरून बसल्या. बद्रीनाथने मनात शेवटची चूल धरली होती. तिथं मुक्ताबाई बसायची. आईच्या वयाची बाई, तिच्या हातची भाकरी गावात नावाजलेली. पोरगा पुण्याला कामाला गेलेला, सून बाळंतपणाला माहेरी. म्हातारी दोन बैल आणि एक म्हैस घेऊन छावणीत एकटीच होती. खायचंच तर तिच्या हातचं खाऊ, असा त्याने हिशेब केला.

तोवर प्रत्येक चुलीवर तो बंकटचा हात बघत होता. दुसरं करण्यासारखं त्याला काही नव्हतंच. भाकरी कशी मोडतो, घास केवढा घेतो, ठेचा कुठल्या बोटाने उचलतो. पूर्वी बद्रीनाथ खायचा तेव्हा त्याची नजर भाकरीवर असायची. आता हात रिकामे होते, म्हणून डोळेच जेवत होते.

मुक्ताबाईच्या चुलीपाशी बंकट उकिडवा बसला. म्हातारीने टोपल्यातून भाकरी काढून त्याच्या हातावर ठेवली, कडेला लसणाचा ठेचा लावला. गोल, पातळ, पापुद्रा सुटलेली भाकरी. बद्रीनाथच्या तोंडाला असं पाणी सुटलं की त्याला दोनदा गिळावं लागलं. बंकटने अर्धी मोडली आणि तोंडात भरायला लागला. बद्रीनाथची नजर हाताबरोबर वर जायची, हाताबरोबर खाली यायची.

आणि मग त्याच्या लक्षात आलं, की त्या भाकरीवर आणखी एक नजर आहे.

मुक्ताबाई बघत होती. हात वर गेला की तिची मान थोडी वर, खाली आला की खाली. तोंड तिचं हसरं होतं, पण गळा हलत होता. बद्रीनाथला आधी रागच आला. इतके दिवस ज्या भाकरीकडे आपण एकटेच बघतो आहोत असं वाटत होतं, तिच्यात ही कोण वाटेकरी? मग तिने शेजारचा तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायली. अर्धा तांब्या संपवला.

पाण्याने पोट भरतं हे मॅडमनी त्याला फोनवर सांगितलं होतं.

त्याने टोपल्यात पाहिलं. टोपलं रिकामं होतं. परात धुऊन पालथी घातलेली होती. चूल विझत आली होती आणि तिच्यावर दुसरं काही चढायचं नव्हतं.

बद्रीनाथ पुढे झाला आणि त्याने बंकटच्या हातातून उरलेली अर्धी भाकरी काढून घेतली. सुग्रीव हातातला भारा घेऊन तसाच थांबला. आता नाना खाणार, असंच सगळ्यांना वाटलं. बंकटही तोंडातला घास तसाच ठेवून बघत राहिला.

भाकरी ऊन होती. बोटांना ती ऊब लागली तसा बद्रीनाथचा हात आपोआप तोंडाकडे निघाला. खरंच निघाला, त्यात खोटं सांगण्यासारखं काही नाही. आणि मुक्ताबाईची नजर आता त्याच्या हाताबरोबर वर आली.

त्याने हात खाली घेतला. "मावशी, पीठ कवा संपलं?"

म्हातारीने पालथी परात आणखी जवळ ओढली.

"इचारतोय मी."

"झालं दोन-तीन दिस," ती म्हणाली. "हिकडून तिकडून वंजळभर आनते. तेवढी एक भाकर हुती."

"मग ह्याला कावून दिली?"

"चेरमनचा घास हाय. न्हाई कसं म्हनावं?" मुक्ताबाईने पदर सावरला. "सुंदरराव नखाएवढा तुकडा घ्यायचं. तोंडात टाकून इचारायचं, पीठ जुनं लागतंय, सरलं का गं? सांजच्याला घरी पायलीभर जवारी यायची. तुमी आलाव, चतकोर व्हाय लागली. मंग अर्धी झाली. आता हे आख्खी खातंय."

"मी काय जास्त खातो का?" बंकटला राग आला. भरल्या तोंडाने तो म्हणाला, "नाना खायचा तेवढंच खातो. मोजून."

कोणी हसलं नाही. बद्रीनाथच्या कानशिलात मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं तो प्रत्येक चुलीवर बसला होता, आणि त्याला एकही चूल दिसली नव्हती. त्याने जवळचा दगड ओढला आणि त्यावर बसला.

"मावशी," तो म्हणाला, "माझं हर्नियाचं काय न्हाई झालं. मी पोट कापून आलोय. वजन कमी करायचं आपरेशन हाय ते. लई खानं होत हुतं."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. सुग्रीवचा भारा खाली पडला. मुक्ताबाई मात्र त्याच्याकडे अशी बघत राहिली, जसं एखाद्या नाद लागलेल्या पोराकडे बघावं.

"लई खानं होत हुतं तर येवढ्या लांब कशाला गेलतास रे?" ती म्हणाली. "आमाला सांगायचं. आमी चूल इझवली असती."

मग मात्र सगळा माळ हसला. बंकट हसला, कौशल्याबाई तोंडाला पदर लावून हसली. बद्रीनाथला निवडणूक गेली ते तिथंच कळलं. त्याने खिशातला फोन काढून संस्थेच्या धान्याच्या गोदामाची किल्ली घेऊन यायला एकाला सांगितलं, आणि बंकटला म्हणाला, "उठ. चुलीमागं चूल फिर, पन तोंड बंद ठेव. टोपल्यात बघून ये." बंकट उठला. जाताना त्याने तोंडातला घास गिळला.

बद्रीनाथने अर्धी भाकरी मुक्ताबाईच्या ताटलीत ठेवली. "खा मावशी."

"तुज्यासमोर?"

"माज्यासमोर."

तिने आढेवेढे घेतले नाहीत. घास मोडला, ठेच्यात बुडवला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावायला लागली. दात थोडे होते, वेळ लागत होता. बद्रीनाथ दगडावर बसून बघत राहिला. आपण चांगलं केलं असं त्याला वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्याला त्या म्हातारीचा असा हेवा वाटला, असा पोटातून हेवा वाटला, की त्याने मान फिरवून बैलांकडे बघितलं.

बैलही खातच होते.