तेव्हा, आता आणि तोकुजी

“हे काढावे लागतील, आजी,” सोनोबे मान खाली घालून म्हणाला.

शिगेनोने ओले हात एप्रनला पुसले आणि नगरपालिकेच्या या कारकुनाचं बोट नमुन्याच्या चित्रावर कुठं टेकलंय ते पाहिलं. बोट तोकुजीवर होतं.

नगरपालिकेच्या प्रदर्शनात दोन चित्रं शेजारी-शेजारी लागणार होती. एक जुनं: एदोहून, म्हणजे जुन्या तोक्योहून, क्योतोला जाणारा हमरस्ता, त्यावरचं हे मुक्कामाचं गाव, पाइनची रांग, चहाच्या दुकानापुढे पाय धुणारे हमाल. लाकडी ठोकळ्यांवरून त्याच्या प्रती छापण्यात शिगेनोची चाळीस वर्षं गेली होती. दुसरं आजचं: तीच जागा, वर उड्डाणपूल, खाली सिग्नल, आणि तिथं पिवळा झेंडा घेऊन शाळेच्या मुलांना रस्ता पार करून देणारा तिचा नवरा. ठोकळे कोरणाऱ्या उशिदाने एप्रिलात या चित्राचं लाकूड कोरलं तेव्हा तोकुजी रोज सकाळी तिथं उभा असायचा. जुलैत तो गेला.

“चित्राचं नावच ‘आता’ आहे ना,” सोनोबे चाचरला. “लोक विचारतील.”

“आणि हे जुने हमाल? ते काय अजून चहा पितायत?”

“ते ‘तेव्हा’मधले आहेत, आजी.”

“म्हणजे माझा माणूस ना तेव्हाचा, ना आताचा. मधल्यामधेच लटकला म्हणायचा!”

कोपऱ्यात चहा पीत बसलेला म्हातारा उशिदा फिसकन हसला. “वहिनी, कचेरीची माणसं तीनदा मत बदलतात. म्हणून मी तोक्याला वेगळ्याच ठोकळ्यावर कोरलाय. तेवढा छापू नका, झालं.”

“भावजी, मित्र ना तुम्ही त्यांचे?”

“म्हणून तर नाक जरा लहान कोरलं.” एवढं म्हणून उशिदा उगीचच रिकाम्या कपात बघत राहिला.

तीन दिवस ती छापत होती. आधी पुलाचा करडा रंग, मग सिग्नलचा लाल, मग वर गडद होत जाणारं आभाळ. कागदाच्या पाठीवर बांबूच्या सालीत गुंडाळलेली चकती घासून घासून मनगट भरून आलं. शेवटी तो छोटा ठोकळा तिने हातात घेतला. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती, पण तोकुजी या छापायच्या खोलीत कधी आला नाही. “माझा पाय लागून काहीतरी सांडेल गं,” म्हणत दारातूनच विचारायचा, भात टाकू का?

तिने ठोकळ्याला शाई लावली नाही. कोरड्या लाकडावर रंग छापून झालेला ओलसर कागद पालथा घातला आणि सगळा भार देऊन कोपराने दाबला. पूर्वीचे छापणारे चित्रातल्या पांढऱ्या रेशमी कपड्यांवरची नक्षी अशीच बिनरंगाची उठवत; वर ओझं पडलं की ती बसून जाते.

कागद उचलून समोर धरला. रस्ता मोकळा होता. खिडकीकडे तिरका केला तशी आधी टोपी दिसली, मग झेंडा, मग ते लहान नाक. बिनरंगाचा तोकुजी कागदात रुतून उभा होता.

शंभर कागद झाले. कोपर काळंनिळं पडलं.

सोनोबे आला, त्याने पाचसहा चित्रं समोर धरून पाहिली. “वा, आजी! अगदी मोकळं वाटतंय.” आणि गठ्ठ्यावर आपली जाडजूड फाइल ठेवू लागला.

“वर ओझं नको.”

“का? रंग ओला आहे?”

“रंग वाळलाय.”

ती नळाखाली ब्रश धुऊ लागली. मग त्याने फाइल काखेत मारली, आणि भरलेलं ताट न्यावं तसा गठ्ठा दोन्ही तळव्यांवर आडवा धरून तो बाहेर, तोकुजी उभा असायचा त्या सिग्नलपाशी जाऊन उभा राहिला.