काळ्या फितीतला फोटो

"ज्याचा फोटो काळ्या फितीत घालाल, त्याच्या हातावर आधी लाल पाकीट ठेवा. काम संपलं की त्याला कॅमेऱ्यासमोर मोठ्यानं हसायला लावा आणि फोटो जाळून टाका. विसरू नकोस हं, जिन."

फान ताई हे म्हणाल्या तेव्हा त्यांच्या दातांत हेअरपिना होत्या आणि हातात नायिकेचा अर्धा अंबाडा. मी हसले. "ताई, तुम्ही पण ना! फोटो आहे तो, माणूस थोडाच आहे."

"फोटोत माणूसच असतो," त्या म्हणाल्या आणि अंबाड्याकडे वळल्या.

आमच्या चित्रनगरीच्या गावात फान ताईंनी दोन पिढ्यांच्या नट्यांना रंगवलंय. मेलेल्याचं काम करणाऱ्याला अपशकुन टळावा म्हणून लाल पाकिटात पैसे द्यायचे, हा इथला जुनाच रिवाज. पण मी नानचिंगच्या कॉलेजात साहित्य शिकून आलेली. मला ते सगळं कापराच्या वड्यांसारखं वाटायचं. वास येतो, पण उपयोग कुणाला ठाऊक.

मालिका एकट्या आईची होती. मी तिचे संवाद लिहायचे. पहिल्या मसुद्यात माझी नायिका लग्न न झालेली होती, आणि तिची मुलगी होती. बस. निर्मात्यांनी पानं चाळली.

"बाई, हिचा नवरा कुठाय?"

"नाहीये."

"नाहीये म्हणजे? मेलाय?"

"नाही. मुळातच नाहीये."

"मग मारून टाका," ते म्हणाले आणि चहाचा फुरका मारला.

मालिकेत मेलेला नवरा चालतो, नसलेला चालत नाही. नाहीतर मग दुसरा रस्ता असतो: बाई परदेशातून जुळी घेऊन परतते, जुळी इतकी हुशार की बड्या कंपनीचे संगणक हॅक करतात, आणि त्या कंपनीचा देखणा मालकच त्यांचा बाप निघतो. माझ्या लेकीचा, नोमीचा बाप सूचौमध्ये धडधाकट आहे, बायकोसकट. नोमीला अजून बुटाचा डावा-उजवा कळत नाही. तेव्हा मी नवरा मारला.

नवरा मेला म्हणजे घरात त्याचा काळ्या फितीतला फोटो हवा. ठरवलेल्या माणसाला फोटो कशासाठी ते कळलं आणि तो जेवणाच्या सुट्टीत पळाला. दिग्दर्शक छ्यू माझ्यावर खेकसायला लागले. तेवढ्यात दिव्यांच्या शिडीवरून ताओलिन उतरला.

"माझा घ्या की. असाही माझा चेहरा मेल्यासारखाच आहे असं आई म्हणते."

ताओलिन मो आमचा दिवेवाला. नोमीला शाळेतून आणल्यावर ती त्याच्याच शिडीखाली बसायची, आणि तो तिला पांढऱ्या भिंतीवर हातांच्या सावल्यांचे ससे करून दाखवायचा. मी लांबून बघत असायची. माझ्या मुलीशी कोण किती वेळ आणि का बोलतं, हे मी बघतच असते.

फान ताईंनी लाल पाकीट पुढे केलं. त्यानं ते त्यांच्याच खिशात परत कोंबलं. "ताई, याची नोमीला पाकातली फळं आणा."

"अरे मेल्या, ते तुझं आहे!"

"बघा, मेल्या म्हणालात. झालं की काम."

सगळे हसले. मीही. नोमीनं ती लाल फळं मिटक्या मारत खाल्ली.

फोटो एकदाच दिसणार होता. पण त्या प्रसंगात नायिका फोटोशी दोन वाक्यं बोलते, आणि ती दोन वाक्यं मी लिहिताना मला काय झालं कोण जाणे. मी लिहिलं: "तू शिडीवर चढलास की मी खाली उभी राहते. तुला कळू नये अशी." नवरा मालिकेत बँकेत कामाला होता. बँकेत शिडी कुठली? कुणी विचारलंही नाही. पहिले भाग फोनवर आले तेव्हा त्या प्रसंगाला पडद्यावरूनच लोकांच्या शेऱ्यांचा पूर सरकत गेला. रडलो, परत दाखवा, आणखी बोलू द्या तिला.

छ्यू खूश. "प्रत्येक भागात फोटो. लिही."

मग मी लिहीत सुटले. जे जिवंत माणसाच्या तोंडावर मला म्हणवत नव्हतं, ते नायिका त्याच्या फोटोला म्हणायची. आणि तो जिवंत माणूस तिथेच असायचा, दिवा धरून, ऐकत. एकदा काम आटोपल्यावर केबल गुंडाळता गुंडाळता त्यानं विचारलं, "ते शिडीचं माझ्याबद्दल होतं का?"

"तू मेलेला आहेस. मेलेल्यांनी प्रश्न विचारायचे नसतात."

"बरं. मग मेलेल्यानं तुम्हा दोघींना नव्या वर्षाला घरी नेलं तर चालेल?"

त्याचं घर म्हणजे गान्सूच्या डोंगरात, हौगोऊ नावाची वस्ती. घरी आई एकटी. तिला फोनवर सगळं सांगितलं त्यानं. मुलगी आहे, मुलीला बाप नाही, सगळं. मी शेजारी श्वास रोखून उभी. म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "पोरीचा पाय केवढा?"

आम्ही नोमीचं पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखलं. तिला गुदगुल्या झाल्या. कागद पाठवून दिला. आई तिच्यासाठी वाघाच्या तोंडाचे कापडी बूट शिवायला बसली. कान झाले, डोळे झाले, आता मिशा राहिल्यात, अशा बातम्या फोनवरून यायच्या. माझ्या स्वतःच्या आईनं नोमीला अजून मांडीवर घेतलेलं नाही. मी रात्री अंथरुणात त्या मिशांचा विचार करायची.

शेवटच्या दिवशी फान ताई काडेपेटी घेऊन आल्या. "आण तो फोटो. ए ताओलिन, हास मोठ्यानं."

छ्यूनी फोटो काखेत मारला. "जाळता काय! दुसरा भाग निघाला तर?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "असू द्या हो ताई. पुढच्या वेळी जाळू."

मालिका फोनवरच दिसणार होती. ताओलिनच्या आईकडे साधा फोन आणि जुना टीव्ही. त्यामुळे काळजी अशी कुणाला वाटलीच नाही. पण नव्या वर्षाच्या सुट्ट्यांसाठी त्यांच्या प्रांताच्या वाहिनीनं मालिका विकत घेतली. आम्ही कचेरीत टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या.

हौगोऊत थंडीत सगळ्या बाया एकीकडे जमतात, खालून शेकणाऱ्या विटांच्या ओट्यावर पाय घेऊन टीव्ही बघतात. त्या दिवशी त्या ताओलिनच्या घरी होत्या. आणि पडद्यावर आला काळ्या फितीतला त्यांचा ताओलिन. समोर उदबत्त्या. एक देखणी बाई, कडेवर मुलगी, रडत त्याच्याशी बोलतेय.

त्याचा फोन वाजला तेव्हा आम्ही तिघं शेवया खात होतो.

"तू जिवंत आहेस ना?"

तो हसला. "आई, खातोय. ऐक, सुर्रकन आवाज येतोय की नाही?"

"पाकीट घेतलंस का? फोटो जाळला का?"

त्यानं वाडगा खाली ठेवला.

"ती भाषणं कुणी लिहिली?"

त्याला खोटं बोलता येत नाही. "जिला घेऊन येतोय, तिनं."

पलीकडून जे आलं ते मला स्पष्ट ऐकू आलं. "जिला माझा पोरगा फोटोत आवडतो, तिनं फोटोच घेऊन बसावं."

ताओलिननं नंतर माझी खूप मनधरणी केली. "तू फक्त चल. अपशकुन जाळायला दारात निखाऱ्यांचं घमेलं ठेवेल, ते ओलांडायचं. चार शिव्या देईल, खायच्या. माझी आई आहे, मला माहितीये. मग नोमीला बघेल आणि विरघळेल."

"आणि नाही विरघळली तर?"

"जिन..."

"माझ्या मुलीनं एका आजीचं दार तोंडावर बंद झालेलं बघितलंय. तेव्हा तिला कळत नव्हतं. आता कळतं."

"मग मी सांगू काय तिला?"

"सांग, पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी. कथेत मी अशी ओळ खोडून टाकली असती. पुढचं वर्ष कुणाचं येतं? नायिका असती तर ती बर्फातून धावत दारापर्यंत गेली असती, आणि मीच तिला धाववलं असतं. मी नोमीचे मोजे वाळत घालत राहिले आणि ताओलिन एकटा गाडीत बसला.

तिथे तो माझ्यासाठी आईशी भांडला. पुऱ्या वस्तीनं ऐकलं म्हणे. सण संपायच्या आत बॅग उचलून निघाला आणि पश्चिमेच्या वाळवंटात कुठल्याशा लढाईच्या मालिकेचं काम धरलं. मला एकदाच त्याचा निरोप आला: "तुझंही बरोबर, तिचंही बरोबर. मी थोडे दिवस दिवेच सांभाळतो." त्यानंतर मला फोन नाही, आणि फान ताईंना तिथल्या मेकअपवाल्यांकडून कळलं, आईलाही नाही.

फोटो छ्यूंच्या कपाटातून मी मागून घेतला. ताईंनी काडी ओढली, फोटो जळला. पण हसायला माणूस नव्हता.

ताओलिनच्या आईचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन करते. आधी ती उचलायची, माझा आवाज ऐकला की ठेवून द्यायची. मला तेही पुरायचं. ठेवणारं कुणीतरी आहे. आता थंडी पुन्हा तोंडावर आलीय आणि बरेच दिवस घंटी नुसतीच वाजत राहते. टीव्ही मोठ्यानं लावत असेल. रुसली असेल. ओट्याखाली जाळ घालताना वाकवत नसेल. ताओलिनला मी कळवलंय. तिकडे वाळवंटात फोनला रेंज येते-जाते, उत्तर आलेलं नाही. मी स्वतः निघायचं म्हणते आणि नोमीला ताप येतो. खरं सांगायचं तर, मला अजून त्या दाराची भीती वाटते.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असेल, तर हौगोऊत टोकाचं घर, दारात पर्सिमनचं, नारिंगी फळांचं वाकडं झाड. हाक मारा, उत्तर नाही आलं तर दार ढकला, लाजू नका. ओटा गरम आहे का, हात लावून बघा. ती बरी असेल तर माझं नाव काढू नका. एवढंच विचारा, वाघाच्या मिशा झाल्या का. आणि झाल्या असतील तर सांगा, पोरीचा पाय वाढलाय, पण इतकाही नाही. जाल ना? एकदा बघून याल?