काळ्या कागदात गुंडाळलेला पट्टा

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. कमरेचा नाही हं! झेरॉक्स मशीनच्या पोटात फिरणारा, पातळ, लवचीक पट्टा. माझ्या अंगावर सेंद्रिय रसायनांचा एक थर आहे आणि त्याला उजेड कळतो. केवढी मोठी गोष्ट आहे ही! कागदाचा पांढरा भाग माझ्यावर उजेड टाकतो, अक्षरं सावली टाकतात, आणि जिथे सावली तिथे काळी पूड चिकटते. झाली झेरॉक्स!

राहुरीत पुष्पावतीताईंच्या दुकानात मी कामाला लागलो, ते साल १९९४. कृषी विद्यापीठाची मुलं रांगा लावायची. "ताई, पेन्सिलीच्या रेघा बी उठल्यात की!" असं कुणी म्हणालं की मी आतल्या आत फुगायचो. पण मला राहावं लागायचं अंधारातच. उजेड यायचा तो क्षणभर, दिव्यापुरता. कौतुक करणाऱ्यांची तोंडं मी कधी पाहिलीच नाहीत.

मग आली खंडेनवमी. घरोघर विळे, कोयते, पाने-पक्कड धुऊन पूजेला मांडलेले. ताई झेंडू आणायला गेल्या आणि त्यांच्या सासूबाई बनुबाईंनी मशीन उघडून मला बाहेर काढलं. "समद्यांची पूजा हुतीया आन् हे लेकरू कायम अंधारात! ये बाबा, ऊन खा जरा." त्यांनी मला ओट्यावर पाटावर मांडलं, कडेला हळदकुंकू लावलं, हात जोडले. मला! केवढं ऊन होतं! मला वाटलं, सुख म्हणतात ते हेच. दुपारपर्यंत माझी नजर गेली.

"आत्या, अवो हे काय करून ठिवलं!" ताई ओरडल्या. मला परत बसवलं, पण कॉपी नुसती फिकट.

नगरहून मेकॅनिक मच्छिंद्र आला. "ऊन बाधलंय ह्याला. काळ्या कागदात गुंडाळून ठेवा. अंधारात विश्रांती मिळाली तर नजर येते कधी कधी." ताईंनी मला तसं गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवलं आणि तोवर मच्छिंद्रने नवा पट्टा बसवला. त्याचा थर सुधारलेला, माझ्यापेक्षा कितीतरी तेज. मंद दिव्यातही बारीक अक्षर टिपणारा. काम थांबलं नाही. मग माझी आठवण कुणाला येणार?

येते, बनुबाईंना येते. त्या माझ्या खणापाशी येऊन बसतात. एकदा ताई म्हणाल्या, "बघायचं का त्याला लावून?" माझा जीव नुसता ताणला गेला!

पण बनुबाईंनी खणावर हात ठेवला. "न्हाई गं बाई. पुन्यांदा उजेड लागंल त्याला. एकदा माज्यामुळं गेला, आता मी न्हाई उघडू द्यायची."

"ऱ्हाऊ द्या मग. तुमचं लेकरू हाय," ताई हसल्या आणि गिऱ्हाइकाकडे वळल्या.

मित्रांनो, माझी नजर परत आली असेल का? उजेडाशिवाय मला तरी कसं कळणार? म्हणून सांगतो, बरं नाही म्हणून ज्याला बाजूला ठेवलंत, त्याला जपा, जरूर जपा. पण कधीतरी खण उघडा. एकच कागद लावून बघा. फिकट निघाला, तर मी मुकाट्याने परत काळ्या कागदात जाईन.