पायाकडची बाजू

"मग काय, सरळ दारच उतरवलं," दादा म्हणाला, आणि माझा घास हातातच राहिला. झालं याचं सुरू.

आमचे वडील, आप्पा, गेले तेव्हापासून आठ वर्षं ऐकतेय मी ही गोष्ट. आप्पांना अटॅक आला, लिफ्ट बंद, भर दुपारी इमारतीत चिटपाखरू नाही. दादा सुतारकाम करणारा. दोन मिनिटांत त्यानं बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, आप्पांना दारावर निजवून चादरीनं बांधलं आणि डोक्याकडून धरून चार मजले खाली आणलं. शेवट दर वेळी तोच, माझ्याकडे बघून: "असो. ज्याला जमलं त्यानं केलं."

मी त्या दिवशी शाळेत परीक्षेच्या वर्गावर होते, फोन ऑफिसात जमा. हे त्याच्या गोष्टीत कधी येत नाही. आज मी ठरवूनच आले होते. एक तर ही गोष्ट बंद, नाहीतर माझं या घरात येणं बंद.

भाची शेजारी वही घेऊन बसली होती. "आत्या, कथेचा विषय आणि आशय यात फरक काय गं?"

सत्तावीस वर्षं मी हेच शिकवतेय. "कशाबद्दल सांगितलं तो विषय. सांगणाऱ्याच्या पोटात काय आहे, तो आशय. आत्ता बाबांनी सांगितली तीच घे. विषय काय?"

"दारावरून आजोबांना खाली आणलं."

"आणि आशय?"

"ताई, जेवताना राहू द्या ना," वहिनी म्हणाली.

पोरीनं बापाकडे पाहिलं, मग मान खाली घालून लिहिलं: आत्या आली नव्हती.

मी तिचं पेन घेऊन भली मोठी बरोबरची खूण केली. "पैकीच्या पैकी. बघ दादा, पोरीलाही कळतं. आठ वर्षं दाराचं निमित्त करून मला सोलतोयस तू."

"तू मास्तरीण ना?" दादा शांतपणे म्हणाला. "डोक्याकडून मी धरलं. पायाकडून कोणी धरलं, हे कधी विचारलंस?"

नव्हतं विचारलं. मला फक्त शेवटचं वाक्य ऐकू यायचं.

"कोणी नाही. ओढत आणलं. दार प्रत्येक पायरीवर आपटत होतं. आप्पा म्हणत होते, हळू रे. दुसऱ्या मजल्यापर्यंत म्हणत होते." त्यानं पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. "मग म्हणाले नाहीत. मी ओढतच राहिलो."

वहिनीचा वाढता हात थांबला. तिलाही हे आजच कळत होतं.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?" मी विचारलं. माझा राग अजून उतरला नव्हता.

"कुणाला सांगू? तुला? तुझं उत्तर आधीच लिहून तयार." त्यानं वही माझ्यापुढे सरकवली. "दे आता मार्क."

मी बरोबरची खूण खोडली. भाची खाली नवं उत्तर येण्याची वाट बघत राहिली. पेन माझ्याच हातात होतं.