सबनीस साहेबांचा रेडिएटर

धर्मराजने ओलं गोणपाट रेडिएटरच्या टोपीवर दाबलं, तोंड बाजूला केलं आणि टोपी अर्धी फिरवली. वाफ फुसकन बाहेर आली.

“किती वेळ लागेल, मिस्त्री?” फियाटच्या मालकाने विचारलं आणि मनगट उलटं करून घड्याळ पाहिलं. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला होती.

धर्मराजचा हात गोणपाटावर तसाच राहिला.

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात हेच मनगट असंच उलटं झालं होतं. नव्या शहरासाठी जमीन मोजायला आलेले सबनीस साहेब बांधावर उभे होते. धर्मराजचा बाप किसन मिठागरातलं पाणी ओंजळीत घेऊन त्यांच्यापुढे वाकला होता.

“चाखून बगा साहेब. मीठ पिकतंय का नाय, तुमीच सांगा.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि कागदावर लिहिलं : खाजण, पडीक. त्या दोन शब्दांनी मिठागराची भरपाई बुडाली आणि ती मागत किसन सात वर्षं कचेऱ्यांचे जिने चढला. आठव्या वर्षी अशाच एका जिन्यावर छातीत कळ आली म्हणून टेकला, तो उठलाच नाही.

साहेबांनी धर्मराजला ओळखलं नव्हतं. बांधावर तेव्हा पुष्कळ माणसं उभी होती.

त्याने काम सुरू केलं. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, ताठ होता. टोपीचं रबर शाबूत. वरचा पाइप चटका देत होता, खालचा मात्र गार. म्हणजे पाणी मध्येच कुठेतरी अडत होतं. त्याने थर्मोस्टॅट काढला आणि चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात सोडला. झडप मुकाट उघडली. उरला रेडिएटर. खालची तोटी सोडली तसं विटकरी पाणी आलं. त्याने त्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

“अहो, हे काय करताय?”

मिठागरावरच्या माणसांना पाणी असंच कळतं. धर्मराज थुंकला.

“पानी कुठलं भरता, साहेब?”

“आमच्या सोसायटीच्या बोअरचं. ती बघा, समोरची पिवळी बिल्डिंग.”

धर्मराजला बघायची गरज नव्हती. ती बिल्डिंग भराव टाकून कशावर उभी केली होती, ते त्याला ठाऊक होतं.

“खारं हाय ते पानी. आतून गंजून जाळी बुजलीय.”

“छे. ती जागा मीच मोजलेली. नुसतं दलदलीचं खाजण होतं, मीठबीठ काही नव्हतं तिथे. तुम्ही दुसरं काहीतरी बघा.”

धर्मराजने जाळीत तार घातली, पाण्याचा जोरदार मारा दिला, गंजाचे पोपडे बाहेर काढले. भिंतीशी दोन बादल्या होत्या. एकीत बोनकोडे गावातल्या विहिरीचं गोडं पाणी, रेडिएटरसाठी. दुसरीत खाडीचं, चाकं धुवायला.

मग त्याने वही काढली. बिघाडाचं कारण लिहायचं, खाली गिऱ्हाइकाची सही घ्यायची, असा त्याच्या गॅरेजचा रिवाज होता. मागाहून तंटा नको. त्याने एकेक अक्षर कोरून लिहिलं : बोअरचं पाणी खारं. जागा किसनच्या मिठागराची.

वही पुढे केली. साहेबांनी हे वाचावं, वाचून वर बघावं, एवढंच. तेवढं झालं तर विहिरीची बादली उचलायची, असं त्याने ठरवलं होतं.

साहेबांनी पेन घेतलं आणि सही केली. शेवटचं अक्षर लांब ओढलेली तीच सही. घरी बाच्या ट्रंकेतल्या मोजणीच्या कागदावर होती.

“वाचा की, साहेब.”

“त्यात काय वाचायचं? तुमचं काम तुम्हाला कळतं.”

धर्मराजने वही मिटून फळीवर ठेवली. खाडीची बादली उचलली. तिच्या काठावर मिठाची पांढरी कड धरली होती.

“पाणी चांगलं आहे ना?” साहेबांनी सहज विचारलं.

धर्मराजने बादली खाली ठेवली. ओंजळ भरून घेतली आणि दोन्ही हात साहेबांपुढे धरले.

“चाखून बगा, साहेब.”

बोटांमधून पाणी गळत राहिलं. साहेबांनी मनगट उलटं केलं.

“भरा हो. उशीर होतोय.”

धर्मराजने भरलं. बादली उपडी करून, शेवटच्या थेंबापर्यंत.